फ्रेंच वाईन कशी समजून घ्यायची: गाव, द्राक्ष आणि लेबल

बोर्दो हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या बागेत. निफाडकडे आमची द्राक्षं, आणि डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून वडील मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारायचे, हात निळे, पानं निळी, सगळा पंप निळा. पुढे नोकरीसाठी फ्रान्समध्ये ल्योंला काही वर्षं राहिले तेव्हा कळलं की हे खरंच त्या बोर्दो शहराचं नाव आहे. १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना बोर्दोजवळच्या मेदोक भागात फिरताना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून, निळसर लेप मारलाय आणि नेमक्या त्याच वेली डावणीतून वाचल्यात. १८८५ मध्ये त्यांनी ती कृती प्रसिद्ध केली आणि तीच आज आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात फवारली जाते. म्हणजे बघा, फ्रेंच वाईनशी आपली ओळख वाईनच्या आधीपासूनची आहे.

तरीही दुकानात फ्रेंच बाटल्यांसमोर उभं राहिलं की भलेभले गोंधळतात, कारण बहुतेक लेबलांवर द्राक्षाचं नावच नसतं. नाशिकची बाटली उचला, त्यावर मोठ्या अक्षरात सॉव्हिन्यों ब्लां किंवा शिराझ लिहिलेलं असतं. फ्रेंच बाटलीवर लिहिलेलं असतं सॉन्सेर, शाब्ली, पोमार, मॉर्गों, आणि ही सगळी गावांची नावं आहेत. आपण आंबे घेताना देवगड म्हटलं की हापूस आलाच, नाव वेगळं सांगावं लागत नाही, तसं फ्रेंच माणसाला सॉन्सेर म्हटलं की सॉव्हिन्यों ब्लां आलंच. त्यामुळे या लेखात मी तुम्हाला एकच गोष्ट नीट शिकवणार आहे: कुठल्या गावात कुठलं द्राक्ष. वीसेक जोड्या डोक्यात बसल्या की बहुतेक बाटल्या वाचता येतात.

पायरी १: आधी जीभ तयार करा, बाटली नंतर

हे बहुतेक लोक वगळतात आणि मग "मला तर सगळ्या सारख्याच लागतात" म्हणतात. घरातल्याच वस्तूंनी करा, अर्धा तास लागतो.

बिनदुधाचा चहा दहा मिनिटं उकळा, थोडा कोमट झाला की घोट घ्या आणि हिरड्यांवर काय होतंय ते बघा. तोंड सुकतं, जीभ खरखरीत होते, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. द्राक्षात ते सालीत, बियांत आणि देठात असतं, म्हणून रेड वाईनमध्ये ते जाणवतं कारण रेड सालीसकट आंबवतात, आणि व्हाईटमध्ये जवळपास नसतं कारण रस आधीच पिळून सालीपासून वेगळा करतात. मग पाण्यात लिंबू पिळून प्या, जिभेच्या कडेला पाणी सुटेल, ती ॲसिडिटी. मग एक घोट पातळ ताक आणि एक घोट सायीचं दूध, हा फरक म्हणजे बॉडी, वाईन तोंडात किती जड वाटते ते. शेवटी गोडी आणि अल्कोहोलची ऊब, या दोन गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

बस, तुरट, आंबट, जड-हलकी, गोड, ऊब. वास बाजूला ठेवा सध्या, तो आपोआप येतो. एक गोष्ट मात्र इथेच सांगते, मराठीत आंबट आणि तुरट हे दोन शब्द इतके स्वच्छ वेगळे आहेत की याबाबतीत आपल्याला फार सोपं जातं, लहानपणी चिंच आणि कच्चं जांभूळ दोन्ही खाल्लेल्या माणसाला टॅनिन समजावून सांगावं लागत नाही.

पायरी २: लेबल वाचा, पण ठराविक चारच गोष्टी

पहिलं, दर्जाची ओळ. 'आपेलासिओं ... कोंत्रोले' असं लिहिलं असेल आणि मध्ये गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असेल तर ती एओसी वाईन. याचा अर्थ त्या नावाने विकायचं असेल तर द्राक्षं तिथलीच हवीत, ठरलेल्याच जातीची हवीत, एकरी उत्पादनाला मर्यादा, बागेला पाणी देण्यावरसुद्धा कडक बंधनं. हे सांभाळणारी संस्था १९३५ मध्ये उभी राहिली आणि पहिल्या एओसी १९३६ मध्ये जाहीर झाल्या, त्यात शातोनफ-द्यु-पाप आणि आर्बुआ होत्या. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, कल्पना तीच, फक्त यांनी ती फार आधी आणि फार बारकाईने राबवली. हल्ली युरोपभरच्या नियमामुळे एओपी असंही लिहितात, दोन्ही एकच समजा. त्याखाली आयजीपी, म्हणजे मोठा प्रदेश आणि सैल नियम, आणि सगळ्यात खाली 'व्हां द फ्रान्स', म्हणजे देशात कुठूनही. खालच्या दोन पातळ्यांवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे नवख्या माणसाला त्या बाटल्या सोप्या जातात आणि त्या वाईट असतात असं अजिबात नाही.

दुसरं, उत्पादकाचं नाव. तिसरं, मिलेझिम, म्हणजे द्राक्षं कुठल्या सालची. चौथं, बाटली कुठे भरली: 'मी आं बुतेय ओ शातो' किंवा 'ओ दोमेन', म्हणजे शातोत किंवा दोमेनात, वाईन बनवणाऱ्या बागेतच, बागवाल्यानेच भरली.

आता फसवणारे शब्द. 'ग्रां व्हां द बोर्दो' हा काही सरकारी दर्जा नाही, कुणीही छापतं. 'व्हिएय व्हीन्य' म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या याची कायद्यात व्याख्या नाही. याउलट 'ग्रां क्रू' आणि 'प्रमिए क्रू' हे वरच्या दर्जाचे शब्द पूर्वेकडच्या बर्गंडी प्रदेशात अगदी नेमके, पण बोर्दोत त्यांचा अर्थ वेगळा आणि आल्सासमध्ये आणखी वेगळा, ते खाली येतंच.

पायरी ३: व्हाईटपासून सुरुवात करा

व्हाईटमध्ये तुरटपणाची भानगड नसल्यामुळे द्राक्षाची जात लवकर ओळखू येते, म्हणून मी सगळ्यांना इथूनच सुरू करायला सांगते.

सॉव्हिन्यों ब्लां: लोआर नदीच्या वरच्या भागात सॉन्सेर आणि समोरच्या काठावर पुई-फ्युमे. आंबट, ताजी, लिंबाची साल, कापलेलं गवत, आणि कधी कधी ढोबळी मिरची कापल्यावर येतो तसा वास. तो भास नाही हं, ढोबळी मिरचीला वास देणारं पायराझिन नावाचं संयुग या द्राक्षातही असतं.

शार्दोने: बर्गंडीचं पांढरं द्राक्ष. हे द्राक्ष स्वतः फार बोलत नाही, जमीन आणि बनवणारा माणूस त्याला बोलतं करतात. उत्तरेकडे शाब्लीत थंडी जास्त, जमिनीत बारीक शिंपल्यांचे जीवाश्म असलेला चुनखडक, वाईन तिथे आंबट, कडक, ओल्या दगडासारखी. तेच द्राक्ष खाली मेर्सोमध्ये ओकच्या पिंपात मुरवलं की लोण्यासारखी, भाजलेल्या बदामासारखी वाईन होते. लोणी कुठून आलं? पहिल्या आंबवणीनंतर बॅक्टेरिया कैरीसारखं कडक आंबट मॅलिक ॲसिड दह्यातल्या सौम्य लॅक्टिक ॲसिडमध्ये बदलतात, लोण्याचा वास त्यातूनच येतो. स्वस्तात शार्दोने हवी असेल तर 'माकों' नाव शोधा.

शाब्लीचं अजून एक सांगायचंय. तिथे एप्रिलमध्ये डोळे फुटले आणि रात्री दव गोठलं की वर्षाचं पीक हातचं जातं, म्हणून रात्रभर ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये असाच कडाका पडला होता आणि फार नुकसान झालं. पेटलेल्या बागांचे ते फोटो बघून मला आमच्या निफाडच्या थंडीतल्या शेकोट्या आठवल्या, पारा उतरला की पहाटे बागेत धूर करायला सगळं घर बाहेर. आपल्याकडे मणी तडकतात म्हणून आणि त्यांच्याकडे कोंब जळतात म्हणून, पण ती जागी रात्र सारखीच.

शनां ब्लां: लोआरच्या मधल्या भागात व्हूव्रे आणि साव्हेनिएर. एकाच द्राक्षाची कोरडी, अर्धगोड, पूर्ण गोड आणि फेसाळती अशी सगळी रूपं होतात, त्यामुळे लेबलवर 'सेक' म्हणजे कोरडी, 'दमी-सेक' म्हणजे थोडी गोड, 'म्वालो' म्हणजे चांगली गोड, एवढं बघूनच घ्या. नाशिकमध्ये जी शेनिन ब्लां भरपूर लागलीये ती हीच, दोन्ही शेजारी ठेवून पिऊन बघा, आपली मऊ आणि फळाळ, व्हूव्रे जास्त आंबट आणि मधाच्या वासाची.

रीसलिंग आणि गेवुर्त्स्ट्रामिनर: दोन्ही आल्सासची, जर्मनीच्या सीमेवर. हा प्रदेश १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे आला, त्यामुळे गावांची नावं जर्मन, बाटली उंच आणि सडपातळ, आणि मुख्य म्हणजे इथे लेबलवर द्राक्षाचं नाव लिहितात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. ५१ बागांना ग्रां क्रू दर्जा आहे. पश्चिमेला व्होझ डोंगर सगळा पाऊस अडवतात आणि पलीकडे कोलमार हे फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक. इगतपुरीला धो धो कोसळतो आणि तासाभरावर निफाडला ढगांकडे बघत बसायचं, हे ज्यांना माहितीये त्यांना आल्सास वेगळं समजावून सांगायला नको. रीसलिंग आंबट, लिंबू-हिरव्या सफरचंदाची. गेवुर्त्स्ट्रामिनर मात्र ग्लास नाकाशी नेताच गुलाब आणि लिची. ज्या माणसाला "वाईनमध्ये मला काही वास येत नाही" वाटतं त्याच्या हातात मी हीच देते.

व्हियोनिए: रोन नदीवर कॉंद्रियूत, जर्दाळू आणि फुलांचा वास, महाग. एकदा तरी घ्या.

आणि सारख्या नावांपासून सावध राहा. पुई-फ्युमे म्हणजे लोआरचं सॉव्हिन्यों ब्लां, पुई-फ्युइसे म्हणजे बर्गंडीचं शार्दोने, दोन वेगळी गावं, दोन वेगळी द्राक्षं. मस्काडे आणि मस्कात हेसुद्धा वेगळे, मस्काडे ही समुद्राजवळ नांतच्या आसपासची हलकी, खारट झाक असलेली कोरडी वाईन, मेलों द बुर्गोन्य नावाच्या द्राक्षाची, आणि मासळीबरोबर इतकी छान की तळलेल्या बोंबलाबरोबर मला दुसरं काही नको.

पायरी ४: रेड, आणि इथे थोडा वेळ काढा

पिनो न्वार आणि बर्गंडी. साल पातळ, रंग फिका, तुरटपणा कमी, वास चेरीचा, ओल्या पानांचा. थंड हवा आणि चुनखडीची जमीन मागणारं, बागवाल्याला रडवणारं द्राक्ष. बर्गंडी लोकांना अवघड वाटते, पण मराठी माणसाला ती एका शब्दात कळेल: वाटण्या. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, मग नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा, आणि दोनशे वर्षांत बागांचे तुकडे तुकडे झाले. क्लो द व्हूझो ही सिस्टर्शियन साधूंनी उभी केलेली, दगडी कुंपणाची एकच बाग, साधारण ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर, आणि तिचे आज ८० च्या आसपास मालक आहेत. सातबाऱ्यावर एका गटात ८० नावं असावीत तसं. प्रत्येकजण आपापल्या ओळींतली वाईन बनवतो आणि सगळ्यांच्या बाटलीवर नाव तेच. म्हणून बर्गंडीत बागेच्या नावाइतकंच उत्पादकाचं नाव महत्त्वाचं, एकाची वाईन देवाची आणि शेजारच्याची साधारण, असं खरंच होतं.

उतरंड अशी: तळाला नुसतं 'बुर्गोन्य' (बर्गंडीचं फ्रेंच नाव), त्यावर गावाच्या नावाची, त्यावर गाव आणि बागेसकट प्रमिए क्रू, आणि शिखरावर ३३ ग्रां क्रू, ज्यांच्यावर, शाब्ली सोडली तर, गावाचं नाव नसतं, फक्त बागेचं. इथे एक खोच आहे. गावांनी आपल्या नावामागे आपल्या प्रसिद्ध बागेचं नाव जोडून घेतलं, जेव्रेने १८४७ मध्ये शांबर्तां जोडलं. त्यामुळे 'जेव्रे-शांबर्तां' ही गावची वाईन आणि नुसतं 'शांबर्तां' ही ग्रां क्रू, लेबलवर शब्द जास्त म्हणजे दर्जा जास्त असं समजलात तर बरोब्बर उलटं होईल. आणि किंमत का चढते विचाराल तर रोमाने-कोंती ही बाग सगळी मिळून साडेचार एकरच्या आत आहे, एवढंच पुरे. सुरुवातीला नुसती बुर्गोन्य घ्या, चांगल्या उत्पादकाची.

गामे आणि बोजोले. ल्योंच्या उत्तरेला अर्ध्या तासावर, म्हणजे माझ्या त्यावेळच्या घरामागचंच म्हणा. ल्योंचे लोक म्हणतात आमच्या शहरातून तीन नद्या वाहतात, रोन, सोन आणि बोजोले. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामेला हलकं द्राक्ष ठरवून आपल्या मुलखातून उपटायचा हुकूम काढला, पण दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ते असं रुजलं की आज तिथे दुसरं क्वचितच दिसतं. इथे बऱ्याचदा घड न चिरडता अख्खेच टाकीत भरतात, मण्याच्या आतच आंबवण सुरू होते, त्यामुळे तुरटपणा कमी आणि फळाचा वास जास्त. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी 'नूव्हो', म्हणजे त्याच वर्षीची ताजी वाईन, सगळ्यांना माहिती असते, पण माझं ऐका, तिच्यावर थांबू नका. बोजोलेत दहा गावं अशी आहेत जी स्वतःच्या नावाने विकतात, त्यातलं मॉर्गों, फ्लरी किंवा मुलां-आ-व्हां घ्या. पैशाच्या मानाने फ्रान्समध्ये यासारखी रेड नाही असं माझं ठाम मत आहे.

कॅबर्ने सॉव्हिन्यों, मर्लो आणि बोर्दो. इथे एकाच द्राक्षाची वाईन क्वचित, बहुतेक मिश्रण. समुद्राजवळची हवा बेभरवशाची, म्हणून दोन-तीन जाती लावायच्या, एक फसली तर दुसरी आहे, आपल्याकडे कोरडवाहू रानात मिश्र पीक घेतात तोच विचार. जिरोंद नदीच्या डाव्या काठावर, मेदोकमध्ये, गोट्यांची जमीन, पाणी झटकन निचरतं, दगड तापतात, तिथे उशिरा पिकणारं जाड सालीचं कॅबर्ने सॉव्हिन्यों. गावं लक्षात ठेवा: मार्गो, सां-जुलियां, पोयाक, सांत-एस्तेफ. उजव्या काठाकडे सांतेमिलियों आणि पोमरोल, तिथे चिकण आणि चुन्याची जमीन जास्त, थंड, म्हणून लवकर पिकणारं मर्लो, मऊ, आलुबुखाऱ्यासारखं. डावा काठ तुरट आणि ताठ, उजवा काठ मऊ, बोर्दोचं अर्धं गणित इथेच संपतं. कॅबर्ने सॉव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यों ब्लां यांचं नैसर्गिक संकर आहे हे १९९७ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं, म्हणजे एका काळ्या आणि एका पांढऱ्या द्राक्षाचं ते पोर. बापाला, म्हणजे कॅबर्ने फ्रांला भेटायचं असेल तर लोआरवर शिनोंला जा, हलकं, थोडं पालेदार, छान.

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून मेदोकच्या शातोंची पाच पायऱ्यांची यादी झाली (म्हणजे इथे क्रूचा दर्जा बागेला नाही, शातोला), दलालांनी त्यावेळच्या बाजारभावावरून लावलेली. सगळ्यात वर चार, लाफित, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरचं ओ-ब्रियों. त्यानंतर त्या पायरीवर फक्त एकच भर पडली, १९७३ मध्ये मूतों. इतकी वर्षं झाली, जमिनी विकल्या गेल्या, माणसं बदलली, यादी तीच. मला हे योग्य वाटत नाही, पण बाजारभाव अजून तिच्यावरच चालतो. तुम्ही 'ओ-मेदोक' किंवा 'कोत द बोर्दो' लिहिलेल्या बाटल्यांपासून सुरू करा.

सिरा, ग्रेनाश आणि रोन. ल्योंपासून दक्षिणेला नदीच्या कडेने निघालात की तासाभराच्या आत कोत-रोतीच्या उभ्या चढाच्या बागा दिसतात, इतक्या उभ्या की काम सगळं हाताने. उत्तर रोनमध्ये काळं द्राक्ष एकच, सिरा, नाशिकमध्ये ज्याला शिराझ म्हणतात ते. काळी मिरी आणि जांभळ्या फुलांचा वास. मिरीचा वास येतो तो रोटुंडोन नावाच्या संयुगामुळे, जे खऱ्या मिरीतही असतं. एर्मिताज या प्रसिद्ध टेकडीची वाईन परवडत नाही, तिच्या भोवतालची क्रोझ-एर्मिताज परवडते, तीच घ्या. दक्षिणेला ऊन जास्त, मिस्त्राल वारा झोडपतो, तिथे ग्रेनाश मुख्य आणि सोबत सिरा, मुर्व्हेद्र. वाईन गरम, जास्त अल्कोहोलची, पिकलेल्या स्ट्रॉबेरीची. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आव्हिन्योंला राहायला आले होते, शातोनफ-द्यु-पाप हे नाव तिथूनच आलं, 'पोपचा नवा किल्ला'. रोजच्यासाठी कोत द्यु रोन.

लांग्दोक, प्रोव्हान्सची रोझे, काओरचं माल्बेक, यांच्यावर इथे थांबत नाही, वरची गावं पक्की झाली की तिकडे जा.

एक गोष्ट मात्र बागायतदाराची मुलगी म्हणून सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाचा किडा आला आणि मुळं खाऊन त्याने फ्रान्सच्या बागा बसवल्या. १८६८ मध्ये मोंपेलिएच्या प्लांशों यांनी मुळांवर तो ओळखला. उपाय शेवटी एकच टिकला, अमेरिकन खुंटावर फ्रेंच जातीचं कलम. म्हणजे आज तुम्ही जी बोर्दो पिता तिची मुळं बहुतेक अमेरिकन आहेत. आपल्याकडे क्षार आणि पाण्याच्या टंचाईमुळे डॉगरिज खुंटावर थॉमसनचं कलम करतात, तो डॉगरिजही अमेरिकनच. ल्योंजवळच्या एका म्हाताऱ्या बागवाल्याला मी मोडक्या फ्रेंचमध्ये हे सांगितलं तेव्हा त्याने मला हाताला धरून रोपांच्या ओळीत नेलं आणि कलमाची गाठ दाखवली, अगदी आमच्या बागेतल्यासारखी.

पायरी ५: शॅम्पेन वेगळी का

फेस असलेली प्रत्येक वाईन शॅम्पेन नसते, रॅंस आणि एपर्नेच्या आसपासच्या शांपान्य प्रदेशातलीच शॅम्पेन. द्राक्षं मुख्यतः तीन, शार्दोने, पिनो न्वार आणि मूनिए, त्यातली दोन काळी, पण साल लगेच वेगळी करतात म्हणून वाईन पांढरी. तयार वाईनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, आत पुन्हा आंबवण होते, गॅस कोंडला जातो, दाब पाच-सहा ॲटमॉस्फिअर, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. मग ती मेलेल्या यीस्टच्या गाळावर मुरते आणि पावाचा, भाजलेल्या कणकेचा वास येतो. साल न लिहिलेली शॅम्पेन कमीत कमी १५ महिने, सालवाली ३ वर्षं बाटलीतच ठेवावी लागते, किंमत त्यामुळेही आहे.

'ब्रुत' म्हणजे कोरडी, लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' मात्र ब्रुतपेक्षा गोड असते, नावावर जाऊ नका. आणि बजेट कमी असेल तर 'क्रेमां' घ्या, आल्सास, लोआर किंवा बर्गंडीची, पद्धत तीच, भाव बराच कमी. उघडताना बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा, बूच नाही. आवाज फुस्स असा हळू यायला हवा, फटाक्यासारखा नको, कुणाच्या डोळ्याला लागू शकतं.

पायरी ६: सहा बाटल्या, तीन संध्याकाळ

एक एक बाटली पिऊन फरक कळत नाही, दोन शेजारी ठेवल्या की लगेच कळतो. चार-पाच जण मिळून पैसे काढा म्हणजे जडही जाणार नाही, कारण भारतात ड्यूटीमुळे या बाटल्या महागच पडतात, परदेशात असाल तर सुपरमार्केटमध्ये दहा-बारा युरोत बरंच चांगलं मिळतं.

पहिल्या संध्याकाळी लोआरचं सॉव्हिन्यों ब्लां आणि माकोंचं शार्दोने. दुसऱ्या संध्याकाळी मॉर्गों आणि ओ-मेदोक, गामे विरुद्ध कॅबर्ने, तुरटपणाचा फरक एका घोटात. तिसऱ्या संध्याकाळी क्रोझ-एर्मिताज आणि कोत द्यु रोन, सिरा विरुद्ध ग्रेनाश. ग्लास तिसरा हिस्साच भरा, पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघा, हलवा, वास घ्या, मग घोट तोंडात पाच सेकंद ठेवा. आणि लिहा, मराठीत लिहा, जांभूळ वाटलं तर जांभूळ, ओल्या मातीचा वास आला तर तेच. पुस्तकातली ब्लॅककरंट आपल्यातल्या बहुतेकांनी कधी खाल्लेलीच नाही, मग ती शोधत का बसायचं. लेबलचा फोटो काढून त्याखाली गाव, द्राक्ष, साल टाका, महिन्याभरात तुमची स्वतःची वही तयार.

जेवणाबद्दल थोडंच. तिखट आणि टॅनिन यांचं जमत नाही, तांबड्या रश्श्याबरोबर मेदोक प्यायलात तर तोंडाची आग वाढते, जास्त अल्कोहोलनेही वाढते. तिखटाबरोबर किंचित गोड, थंड व्हाईट, म्हणजे दमी-सेक व्हूव्रे किंवा आल्सासची गेवुर्त्स्ट्रामिनर. साधा मटणाचा भाजलेला तुकडा असेल तर मात्र बोर्दो काढा, प्रथिनं आणि चरबी तुरटपणाला मऊ करतात. गोडाबरोबर वाईन त्या गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते.

पायरी ७: तापमान आणि साठवण

आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते. "रेड रूम टेंपरेचरला" हा नियम युरोपातल्या थंड दगडी घरांचा, १६ ते १८ अंशांचा. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ३५ अंशांना असते, त्या तापमानाची रेड पिऊन लोक म्हणतात अल्कोहोलच नाकात जातं. कॅबर्ने, सिरा असेल तर फ्रिजमध्ये चांगली थंड करूनच उघडा, गामे आणि पिनो न्वार त्याहून जास्त वेळ ठेवा, त्या १२-१४ अंशांना जास्त छान लागतात. उलट व्हाईट फ्रिजमधून थेट ओतू नका, चांगली शार्दोने पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असली की वासच येत नाही.

न उघडलेल्या बाटल्या किचनच्या वरच्या फळीवर ठेवू नका, तिथे ऊब आणि उजेड दोन्ही असतो. वाईनचा वेगळा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा उन्हाळ्यात परवडला, बूच असलेली बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं. उघडलेली रेडसुद्धा बूच लावून फ्रिजमध्येच, तीन दिवसांत संपवा, व्हाईटही साधारण तितकीच टिकते. शॅम्पेनच्या उघड्या बाटलीत चमचा उलटा ठेवायची पद्धत ल्योंमध्येही खूप घरांत बघितली, त्याने फेस टिकत नाही, कडेला पकडून दाबून बसणारं स्टॉपर मिळतं ते घ्या, दुसऱ्या दिवशीसुद्धा बुडबुडे असतात.